सदतीस नंबरचा अपवाद

कारागीर मंडळाच्या कचेरीत जो कारकून बसतो, त्याला सगळे जोडारी म्हणतात. खरा जोडारी पाइपाला पाइप जोडतो. हा खुर्चीत बसून पानाला पान जोडायचा. मंडळाची वेबसाइट त्याच्या हातची, आणि हातची म्हणजे अगदी हातचीच. नाव नळवाल्याने ठेवलं. तो म्हणाला, “आपण दोघं एकाच धंद्यातले. फरक एवढाच, की माझं गळलं तर लगेच कळतं.”

ते खोटं नव्हतं. मंडळाचे सभासद दोनशे बारा. नळवाले, किल्लीवाले, पत्र्याचे डबे करणारे, खुर्च्या विणणारे, पुस्तकं बांधणारे, ढेकूण मारणारे, सगळे. प्रत्येकाचं वेबसाइटवर एक पान: दुकान कुठे, उघडतं कधी, फोन काय, आणि दारात उभं राहून काढलेला एक फोटो, ज्यात प्रत्येक जण पोलिसांनी उभं केल्यासारखा दिसतो. पण नुसतं पान असून भागत नाही. त्या पानाकडे नेणारी लिंक कुठेतरी असावी लागते, नाहीतर ते पान म्हणजे दार बुजवलेली खोली. आत दिवा चालू असेल, पंखा फिरत असेल, पण जाणार कसं?

या लिंका जोडारी एकेक करून टाइप करायचा. नवा सभासद आला की धंद्याच्या पानावर एक, गल्लीच्या पानावर एक, शिवाय दोन्ही शेजाऱ्यांच्या पानांखाली “शेजारचे कारागीर” म्हणून एकेक. कोणी दुकान बदललं की आधीच्या चार काढायच्या आणि नव्या चार घालायच्या. यासाठी त्याच्याकडे एक लांब वही होती आणि टोक काढलेल्या तीन पेन्सिली. पत्र्याच्या डबेवाल्याने दोन वर्षांत चार वेळा जागा बदलली, तेव्हा जोडारी त्याच्याशी महिनाभर नुसतं कामापुरतं बोलत होता.

चुका व्हायच्या, पण कमी. एकदा फोटोवाल्याची लिंक ढेकूण मारणाऱ्याच्या पानावर गेली आणि आठ महिने तशीच राहिली. दोघांपैकी कोणीही तक्रार केली नाही. ढेकूणवाल्याकडे त्या काळात तीन कुटुंबं फोटो काढायला आली. त्यातल्या दोघांचे त्याने काढले. बरे आले होते म्हणतात.

तर असा हा माणूस. सरळ, नेमका, डबा उघडला की आधी झाकण पुसणारा. वाईटपणा शोधायला गेलात तर हात हलवत परत याल, असं कोणीही सांगेल. त्याची बायको सोडून.

बायकोला माहीत होतं, की दोनशे बारा पानांपैकी एका पानाकडे एकही लिंक जात नव्हती. सभासद क्रमांक सदतीस. जोडाऱ्याची सख्खी थोरली बहीण. व्यवसाय: शिंपीकाम.

आता हे प्रकरण काय होतं ते सांगायला हवं, कारण गावात याच्या चार आवृत्त्या फिरतात आणि एकीत तर कात्रीही येते. कात्री नव्हती. कोट होता.

बारा वर्षांपूर्वी मंडळाला पंचवीस वर्षं झाली. सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा ठरला. जोडाऱ्याने जन्मात पहिल्यांदा कोट शिवायला टाकला, तो अर्थातच ताईकडे. ताईने माप घेतलं, कापला, शिवला, फोटोच्या दिवशी सकाळी आणून दिला. उजवी बाही मनगटावर जिथे थांबायची तिथे थांबली. डावी त्याच्या आधीच थांबली. कोट घालून हात खाली सोडले की डावं मनगट घड्याळासकट बाहेर. जोडाऱ्याने आरशात पाहिलं आणि ताईला म्हणाला, “बाही आखूड झालीय.”

ताईने त्याच्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं, आणि सगळ्या मंडळासमोर म्हणाली, “कोट बरोबर आहे. तुझा हात लांब आहे.”

नळवाला हसला. मग खुर्च्या विणणारा हसला. मग फोटोवाल्याने “हसत राहा” म्हटलं आणि तेवढ्यात फोटो काढला. तो फोटो कचेरीच्या भिंतीवर लावलेला आहे. एकेचाळीस माणसं हसताहेत, आणि पहिल्या रांगेत डावीकडून तिसरा एक माणूस हसत नाही, त्याचं मनगट दिसतंय. जोडाऱ्याची खुर्ची नेमकी त्या फोटोसमोर. रोज साडेदहा ते साडेपाच.

त्या दिवसापासून भाऊ-बहिणीचं बोलणं बंद. ताई मोठी, ती आधी बोलणार नाही. जोडाऱ्याची बाही आखूड, तो आधी बोलणार नाही. मध्ये बायको. ती दोन्हीकडे जायची, पडदे-बिडदे ताईकडूनच शिवून आणायची, आणि नवऱ्याने विचारलं तर “तयार आणले” म्हणणार होती. तो विचारायचा नाही. कारण टाके त्याला ओळखू यायचे.

तीन वर्षांनी वेबसाइट आली. जोडारी वाईट माणूस नव्हता, त्यामुळे त्याने अन्याय केला तोही नियमात बसवून केला. ताई सभासद होती, तेव्हा तिचं पान त्याने केलं. फोटो लावला. तिने जागा बदलली तेव्हा नवा पत्ता टाकला. पावसाळ्यातली वेळ वेगळी, ती दर वर्षी बदलली. फक्त त्या पानाची लिंक कुठेच टाइप केली नाही. शिंप्यांच्या पानावर दोन शिंपी होते: एक शाळेचे गणवेश करणारा आणि एक नुसतंच आल्टर करणारा. कोणी म्हणालंच की ताईंचं पान नाही, तर तो शांतपणे म्हणू शकला असता, “आहे की. पत्ता पूर्ण टाइप करा, उघडतं.” सुदैवाने कोणी म्हणालं नाही. हाताने केलेल्या कामाचं हे एक सुख असतं. जे केलं नाही, ते दिसत नाही.

पहिली काही वर्षं यामुळे कोणाचं काही अडलं नाही. ताईचं दुकान रस्त्यावर, कात्रीचा आवाज बाहेर ऐकू यायचा, लिंक कशाला हवी होती? आणि ताईची एक ख्याती होती. ती प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दोन्ही हातांचं माप घ्यायची. जगातला कुठलाही शिंपी एक हात मोजतो आणि पुढे जातो. ताई डावा मोजायची, लिहायची. उजवा मोजायची, लिहायची. लोक चेष्टा करायचे. “ताई, पायही दोन आहेत हं.” ताई म्हणायची, “हलू नका.”

पण तीन वर्षांपूर्वी ती इमारत दुरुस्तीला काढली आणि ताई मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावरच्या खोलीत गेली. जिना नळाच्या दुकानाआडून. पुलापलीकडे नवी वस्ती झाली होती, ती माणसं रस्त्याने चालत दुकान शोधत नाहीत. फोन काढतात, मंडळाची साइट उघडतात, शिंपी दाबतात. तिथे दोनच शिंपी. जुनी गिऱ्हाइकं म्हातारी झाली, म्हातारी माणसं नवे कपडे शिवत नाहीत. ताईच्या खोलीची खिडकी कचेरीच्या खिडकीसमोरच होती. जोडाऱ्याला ती दिसायची. आधी मान खाली घालून शिवताना दिसायची. अलीकडे मान वर असायची.

त्याच सुमारास चिटणीसांना सुधारणेची लहर आली. चिटणीसांचं गाद्यांचं दुकान होतं आणि स्वभावही तसाच. बसलात की हळूहळू आत जायचात. ते म्हणाले, “जोडारी, आता हाताने लिंका नकोत. सगळीकडे साइट स्वतःच्या लिंका स्वतः बनवते. येत्या तिसऱ्या सोमवारपासून आपलीही बनवेल.”

“कशी?”

“ते मला काय माहीत? किल्लीवाल्याची मुलगी येणार आहे शिकवायला.”

किल्लीवाल्याची मुलगी म्हणजे तिशीतली बाई, एका कंपनीत नोकरीला, वडिलांच्या शब्दाखातर दोन आठवडे दुपारी यायची. बापासारखीच सवय: काहीही हातात दिलं की आधी कानाशी नेऊन हलवून बघायची. जोडाऱ्याची लांब वहीही तिने हलवून बघितली.

“काका,” ती म्हणाली, “हे तुम्ही नऊ वर्षं करताय?”

“चुका दोनच झाल्या.”

“ढेकूणवाल्यांची ऐकली. दुसरी कुठली?”

“दुसरी माझ्याआधी कोणाच्या लक्षात आली नाही,” जोडारी म्हणाला. दुसरी खरंच होती, पण ती इथे कामाची नाही.

तिने त्याला समजावलं. आता दोनशे बारा पानं ठेवायची नाहीत. एक यादी ठेवायची: क्रमांक, नाव, धंदा, गल्ली, वेळ, फोन. कोणी साइट उघडली, की मंडळाच्या सर्व्हरवर बसलेला कोड त्या क्षणी ती यादी वाचणार, प्रत्येक ओळ उचलणार, तिचा क्रमांक पत्त्याच्या शेपटीला लावणार, आणि लिंक तयार करून पाठवून देणार. डबेवाल्याने पाचव्यांदा जागा बदलली तर यादीत एक शब्द बदलायचा. बाकी सगळीकडे आपोआप.

“म्हणजे लिंक आधी नसतेच?”

“नाही. कोणी मागितली की जन्मते, काम झालं की संपते.”

“आणि शेजारी?”

“गल्ली तीच असली की शेजारी. कोडच ठरवतो.”

शेजारी कोण हे जोडारी इतकी वर्षं स्वतः जाऊन बघून यायचा. पण माणूस कष्टाळू. पंधरा दिवसांत शिकला. स्वतःच्या हाताने कोड लिहिला. मोजून अकरा ओळी. पहिल्यांदा चालवला आणि दोनशे बारा लिंका पापणी लवायच्या आत उभ्या राहिल्या, तेव्हा त्याने वही मिटली, पेन्सिली खोक्यात घातल्या, आणि डबा नसतानाही टेबल पुसलं.

मग त्याने यादीवरून नजर फिरवली. शिंपी, तीन.

कोडला कोट माहीत नव्हता. त्याने ताईची लिंक बाकीच्यांसारखीच घडवून ठेवली होती, गणवेशवाल्याच्या वर.

जोडाऱ्याने बारावी ओळ लिहिली. क्रमांक सदतीस असेल तर ही ओळ सोडून पुढे जा. चालवून बघितलं. शिंपी, दोन. मग जेवायला घरी गेला.

घरी बायको कपडे घडी करत होती. तो जेवायला बसल्यावर ती बोलली.

“ताई महिनाअखेरीस दुकान बंद करतायत. मुलीकडे जाणार. खोली सोडते म्हणून मालकाला चिठ्ठी दिली काल.”

“बरं,” जोडारी म्हणाला.

“मशीन विकणार नाहीत म्हणाल्या. ते माझ्याकडे ठेवणार.”

“आपल्याकडे?”

“माझ्याकडे,” बायको म्हणाली. “खिडकीजवळ ठेवीन. तुमची खुर्ची आत जाईल.”

“तिला कोणी जा म्हटलंय का?”

“कोणी नाही म्हटलं. कोणी येत नाही, एवढंच.” तिने त्याच्या शर्टाची घडी घातली, डावी बाही नीट सरळ केली, मग उजवी. “भाजी घ्या अजून.”

त्याने घेतली. खाल्ली नाही.

शनिवारी दुपारी किल्लीवाल्याची मुलगी शेवटची तपासणी करायला आली. सोमवारी सकाळी दहाला चिटणीस नवी साइट चालू करणार होते, स्वतः बटण दाबून. तिने दोन आकडे बघितले आणि खुर्ची पुढे ओढली.

“काका, यादीत दोनशे बारा आहेत. पानावर लिंका दोनशे अकरा.”

“असतील.”

“असतील कशा? एक कुठे गेली?” तिने कोड खाली सरकवला, बाराव्या ओळीवर थांबली. “हा सदतीस कोण?”

“तो अपवाद आहे.”

“अपवाद चालतो,” ती म्हणाली, आणि खरोखर तिला त्यात काही वावगं वाटलं नसावं. “आमच्या कंपनीच्या साइटवर मीही केलेत दोनचार. पण अपवादाच्या डोक्यावर कारण लिहायचं असतं. शेरा. कोड तो वाचत नाही, माणसं वाचतात. उद्या मी नसेन, तुम्ही नसाल, तिसराच कोणी हे उघडेल. त्याला कळायला हवं, की या माणसाला का वगळलं.”

“आमच्याकडे नऊ वर्षं कोणी विचारलं नाही.”

“हाताने करत होतात ना. तिथे न लिहिणं फुकट असतं. इथे वगळायचं तर लिहावं लागतं.”

जोडाऱ्याने लिहिलं: तांत्रिक कारण.

“कुठलं?” तिने विचारलं.

त्याने ते खोडलं आणि लिहिलं: सभासद सध्या उपलब्ध नाही. तिने यादीतून नंबर बघून तिथल्या तिथे फोन लावला. समोरच्या खिडकीत ताईने मशीनवरून हात काढून फोन उचलला. ते जोडाऱ्याला दिसत होतं, आणि ऐकूही येत होतं.

“दुकान उघडं आहे का हो?” मुलीने विचारलं.

“उघडंच आहे,” ताई फोनमधून आणि गल्लीपलीकडूनही म्हणाली. “काय शिवायचंय?”

“नंतर सांगते,” म्हणून मुलीने फोन ठेवला. “उपलब्ध आहेत.”

‘निधन’ एवढं लिहिलं असतं तर पुढचं काही कोणी विचारलं नसतं. तो शब्द त्याच्या मनात येऊन गेला, हे खरं. पण तेवढा तो वाईट नव्हता. शिवाय ज्याचं निधन झालंय ते माणूस समोर बसून सुईत दोरा ओवत होतं.

“विचार करून लिहा,” मुलगी पर्स उचलत म्हणाली. “काही घाई नाही. सोमवारी नऊला येते, वाचते आणि पुढे पाठवते. कारण पटण्यासारखं असलं पाहिजे असं नाही, काका. खरं असलं म्हणजे झालं.”

ती गेली. कचेरीत जोडारी आणि भिंतीवरची एकेचाळीस माणसं राहिली.

खरं लिहायचं तर त्याला अवघड काही नव्हतं. बारा वर्षं पाठ होतं. त्याने लिहायला सुरुवात केली:

या सभासदाने बारा वर्षांपूर्वी कारकुनाचा कोट शिवला.
कोटाची डावी बाही आखूड झाली.
सांगितल्यावर सभासद म्हणाली, कोट बरोबर आहे, तुझा हात लांब आहे.
हे एकेचाळीस माणसांसमोर म्हणाली.
नळवाला हसला.
फोटो उपलब्ध आहे.
सभासदाने आजवर चूक मान्य केलेली नाही.
कारकुनाचा हात लांब नाही.
म्हणून लिंक दिलेली नाही.

नऊ ओळी झाल्या. खाली अपवादाची ओळ एकच. जोडाऱ्याने ते एकदा वाचलं आणि त्याला बरं वाटलं. मग तो तिसरा माणूस आठवला, जो उद्या हे उघडणार होता. कोण असेल? चष्मा असेल. चहाचा कप असेल हातात. जोडारी खुर्चीत थोडा बाजूला सरकला, जणू त्या माणसाला जागा करून दिली, आणि त्याच्या डोळ्यांनी पुन्हा वाचलं.

पाचव्या ओळीला तो माणूस हसला. नळवाल्यासारखाच.

आठव्या ओळीपाशी तो थांबला. त्याने विचारलं, मोजला होता का?

जोडाऱ्याने मोजला नव्हता. बारा वर्षांत एकदाही. शर्ट तयार आणायचा आणि बाह्या दुमडून घालायचा, कडाक्याच्या थंडीतही. लोकांना वाटायचं, कामाचा माणूस आहे.

त्याने समोर पाहिलं. ताईच्या खिडकीशी खोलीचा मालक आला होता. त्याच्या हातात पुठ्ठा आणि दोरी होती. पुठ्ठा बाहेरच्या बाजूने बांधायचा म्हणून तो खिडकीतून बाहेर ओणवा झाला, आणि ताई आतून दोरीचं दुसरं टोक धरून उभी राहिली, गाठ नीट बसावी म्हणून. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: खोली भाड्याने देणे आहे. जरा तिरका लागला. ताईने हात लांबवून तो सरळ केला.

जोडाऱ्याने बारावी ओळ काढली. त्याला फार वेळ लागला नाही. एक कळ दाबायची होती. कोड चालवला. शिंपी, तीन. खाली आकडा आला: दोनशे बारा. मग तो घरी गेला आणि बायकोने विचारलं, “आज लवकर?” तर म्हणाला, “आपोआप होतं आता सगळं.”

सोमवारी दहाला चिटणीसांनी बटण दाबलं. ते बटण कशाशीही जोडलेलं नव्हतं, किल्लीवाल्याच्या मुलीने त्यांच्यासाठी खास आणलेलं. साइट तिने नऊलाच चालू केली होती. टाळ्या झाल्या. ढेकूणवाला आपली लिंक उघडून बघत होता. आपलंच पान उघडलेलं पाहून जरा हिरमुसला.

साडेअकराच्या सुमारास समोरच्या खिडकीतला फोन वाजला. मग पुन्हा वाजला. बाराला चौथ्यांदा वाजला तेव्हा चिटणीस म्हणाले, “कोणाचा फोन वाजतोय हा सारखा?” जोडारी म्हणाला, “बघतो,” आणि बघायला गेला नाही.

तीनला ताई कचेरीत आली. गळ्यात टेप, केसांना दोरा चिकटलेला. बारा वर्षांत ती या दारातून आत आली नव्हती. वर्गणीसुद्धा बायकोच्या हाती पाठवायची. चिटणीस उठून उभे राहिले, मग परिस्थिती ओळखून गाद्या मोजायच्या आहेत असं म्हणून गेले. सोमवारी त्यांचं दुकान बंद असतं. किल्लीवाल्याची मुलगी कोपऱ्यात स्क्रीनकडे बघत बसली आणि तिने टाइप करणं थांबवलं, म्हणजे नीट ऐकू यावं.

“सकाळपासून सात फोन,” ताई म्हणाली. “पुलापलीकडून. म्हणतात, साइटवर पाहिलं. तू लावलीस लिंक?”

जोडाऱ्याला हो म्हणता आलं असतं. एक अक्षर आहे.

“मी नाही लावली,” तो म्हणाला. “आता कोड लावतो. सगळ्यांच्याच लावतो, बघत नाही कोण आहे.”

“आणि आधी कोण लावायचं?”

“आधी हाताने होतं.”

“कोणाच्या?”

“माझ्या.”

“डाव्या की उजव्या?”

“टायपिंगला दोन्ही लागतात,” जोडारी म्हणाला.

ताईने मान हलवली, जणू हे तिला पटलं. मग गळ्यातला टेप काढला. “ऊठ, धाकट्या.”

तो उठला. तिने उजवा हात धरला, खांद्यापासून मनगटापर्यंत टेप लावला. “साडेतेवीस.” मग डावा. त्याने दुमडलेली बाही तिने स्वतः उलगडली, टेप लावला, पुन्हा लावला.

“सव्वाचोवीस.”

भिंतीवरची माणसं हसत होती.

“पाऊण इंच,” ताई म्हणाली. “लांब आहे. मी म्हणत नव्हते?”

“मग कोट आखूड झालाच ना?”

“झाला.” तिने टेप गुंडाळायला घेतला. “त्या दिवशी मी एकच हात मोजला होता. उजवा. सगळे तसंच करतात.”

“हे तेव्हा का नाही सांगितलंस?”

“सांगणार होते. तो नळवाला हसला.”

जोडाऱ्याने तिच्या हातातल्या टेपकडे पाहिलं. ताई प्रत्येकाचे दोन्ही हात मोजते, ही गावाची बारा वर्षांची चेष्टा. त्यालाही ती माहीत होती. तोही एकदोनदा हसला होता.

“किती जणांचा निघाला असा?” त्याने विचारलं.

“पाऊण इंचाचा? अजून एकाचाही नाही.”

“मग मोजतेस कशाला?”

“हलू नको म्हणायची सवय लागलीय,” ताई म्हणाली. टेप गळ्यात टाकून ती दाराशी गेली, तिथे वळली. “मालक चारला येतो. ती चिठ्ठी परत मागून घ्यायला लागेल. एकटीने गेले तर वटवट करेल.”

“मी येतो,” जोडारी म्हणाला. “पुठ्ठाही काढू. तिरका लागलाय.”

“सरळ केलाय मी.”

“नाही झालेला. इथून दिसतो.”

ती जिना उतरून गेल्यावर किल्लीवाल्याच्या मुलीने गळा साफ केला.

“काका, सकाळी कोड वाचला मी. तुम्ही अट काढलीत, पण तिच्यावरचा शेरा तसाच राहिलाय. नऊ ओळी. खाली काहीच नाही.”

जोडारी लाजला, पण थोडाच. “तो चालत तर नाही ना?”

“नाही. कोड त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.”

“मग राहू दे,” तो म्हणाला. खुर्ची पुढे घेतली, आठवी ओळ पुसली, आणि तिथे लिहिलं: डावा हात पाऊण इंच लांब आहे, दोन वेळा मोजून खात्री केली. नववीही पुसली. मग चार वाजायला आले, तेव्हा तो उठला. डावी बाही दुमडायला हात गेला होता, तो त्याने मध्येच थांबवला, आणि मनगट तसंच बाहेर ठेवून मालकाकडे जायला निघाला.